बाजारातली फक्की

लोकसहभाग हा शब्द कोणी तोंडातून काढला की माझं टाळकं सरकतं. अर्बन डिझाइन शिकवणाऱ्या बाईनं असं बोलू नये, हे मला कळतं. आमच्या विषयाच्या देव्हाऱ्यातला तो शब्द आहे. पण त्या देव्हाऱ्याला हात जोडणारी माणसं मी फार जवळून पाहिली आहेत, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

हा विषय वर्गात बसून शिकवता येत नाही, एवढं मात्र खरं. पोरांचे गट पाडायचे, त्यांना खऱ्याखुऱ्या जागी न्यायचं: एखादा चौक, एसटीचा थांबा, आठवडी बाजार. तिथं मोजमाप घ्यायचं, कोण कुठं बसतं, सावली कुठून कुठं सरकते, पाणी कुठं साचतं ते बघायचं, माणसांशी बोलायचं आणि मग सगळ्यांनी मिळून एकच आराखडा करायचा. पोरं भांडतात, पुसतात, पुन्हा काढतात आणि त्यातूनच शिकतात. मी स्वतः अशीच शिकले. पद्धतीशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुखांशी, माझ्या गावच्या उपसरपंचाशी आणि खरं सांगायचं तर माझ्या सख्ख्या आत्याशी. तिन्ही भांडणं एकाच बाजाराच्या जागेवरून जुंपली आणि एकही मिटलेलं नाही.

गोंदिया तुटून वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी नागपूरच्या एका कॉलेजात शिकवत होते. विभागप्रमुख पुण्याहून आलेले. भंडारा त्यांनी हायवेवरून पाहिला होता, तोही गाडीची काच वर करून. पण जिल्हा अर्धा झाला म्हणजे उरलेल्या अर्ध्यातली बाजाराची गावं आता झपाट्यानं बदलणार, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि त्यावर त्यांना प्रोजेक्ट हवा होता.

"तुमचं गाव साकोली तालुक्यातच ना?" त्यांनी मला स्टाफरूममध्ये विचारलं. "बाजार भरतो ना तिथं?"

मी म्हटलं, बाजारच बघायचा तर सानगडीचा बघा, मोठा आहे, पोरांना शिकायला भरपूर मिळेल.

"सानगडीत आपलं कोण आहे? तुमच्या गावात तुम्ही आहात. लोक मोकळेपणानं बोलतील."

माझ्या घरच्या माणसांवर पोरांनी हात साफ करावा हे मला अजिबात आवडलं नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी हसून मान डोलावली आणि दुपारी माझ्या गावाच्या नावाची नोटीस लावली.

आमच्या गावचा बाजार शुक्रवारचा. एका अंगाला एसटीचा थांबा, दुसऱ्या अंगाला तलावाची पाळ, आणि खालच्या कडेनं सांडव्याचा नाला. मधल्या मैदानात बाजार. दिवाळीनंतर याच मैदानावर आमची मंडई भरते, म्हणजे गावची जत्रा: पाहुणेरावळे, पाळणे, रात्रभर नाटक. मैदानाच्या मधोमध तेलवाल्याच्या आणि धान्यवाल्यांच्या ओळीत माझ्या आत्याची बसायची जागा. ती वांगी, सांबार (आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात), मिरच्या आणि लाखोरीची डाळ विकायची. आत्याला गावातल्या गावातच दिलेली. त्यामुळे लग्न होऊनही तिनं आपल्या आईची बाजारातली जागा सोडली नव्हती.

त्या जागेला इतिहास आहे. आमची माणसं पूर्वी घरी विणलेली जाडीभरडी लुगडी विकायची आणि त्यांनी नाल्याच्या पलीकडं बसायचं असा दंडक होता. गिऱ्हाईक अलीकडून हात दाखवणार, माल खाली ठेवायचा, मागं सरायचं. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर माझी आजी एका शुक्रवारी टोपली उचलून सरळ मैदानाच्या मधोमध जाऊन बसली. बरेच शुक्रवार तिच्याकडून कोणी चिमूटभर मीठही घेतलं नाही. तेलवाल्यानं आपलं दुकान हलवलं. ती बसून राहिली. शेवटी तिचा माल स्वस्त आणि चांगला असल्यामुळे लोकांना धर्म आवरता घ्यावा लागला. तेलवालाही परत आला. आजीनंतर ती जागा आत्याकडे आली. आत्या कधी त्याबद्दल भाषण करायची नाही. शुक्रवारी सकाळी पोतं अंथरायची आणि बसायची, झालं.

मी हे सगळं पोरांना बसमध्येच सांगितलं. काहींनी ऐकलं, काही झोपले होते. विभागप्रमुख पुढच्या सीटवर होते. ते मागं वळून म्हणाले, "इंटरेस्टिंग लेयर आहे." मला त्यांच्या डोक्यावर पाण्याची बाटली ओतावीशी वाटली.

पहिल्या दोन-तीन भेटींत पोरांनी बरं काम केलं. टेप लावून मैदान मोजलं, झाडांच्या सावल्या काढल्या, आत्यापाशी बसून तिची वांगी खाल्ली. माझ्या गटात नागपूरचीच एक पोरगी होती, हुशार, हातानं रेघ मारायची तर बघत राहावं अशी. तिची आणि आत्याची चांगली गट्टी जमली. आत्या तिला "कायले एवढी वाळली वं, घरी जेवाले देत नाई का?" असं म्हणून डोक्यावरून हात फिरवायची. आम्ही जेवायला आत्याच्याच घरी असायचो. ती चुलीवर भात टाकायची आणि पोरं ओसरीत शीट पसरून बसायची.

मग ती सभा झाली. सहभागाची सभा. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, बुधवारी सकाळी. मी विभागप्रमुखांना आधीच सांगितलं होतं की बुधवार नको. बाजारात बसणारी माणसं एका गावात बसत नाहीत. शुक्रवारी आमच्याकडं, बुधवारी दुसऱ्या गावी, आणखी एखाद्या दिवशी तिसरीकडं, असा त्यांचा फेरा असतो. बुधवारी आत्या, तेलवाला, मासेवाल्या, सगळे बाहेरगावच्या बाजारात असणार. ते म्हणाले, "उपसरपंचांना बुधवारच सोयीचा आहे." का नसणार? उपसरपंच धानाचा व्यापारी. त्याचं पक्कं दुकान मैदानाच्या तोंडाशीच होतं आणि मैदानात बसणारी टोपल्यांची माणसं त्याच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायची.

हॉलमध्ये खुर्च्यांवर पक्क्या दुकानांचे मालक होते, मोटरसायकलवाले होते, रिटायर्ड मास्तर होते. बाजारात जमिनीवर बसणारं एकही माणूस नव्हतं. पोरांनी भिंतीवर मोठा नकाशा लावला आणि सगळ्यांना रंगीत टिकल्या वाटल्या. जिथं गर्दी वाटते तिथं लाल, जिथं बदल हवा तिथं पिवळी. माणसांनी उत्साहानं टिकल्या लावल्या. मैदानाचा मध्य लालपिवळा होऊन गेला, देवीच्या फोडांसारखा. उपसरपंचानं शेवटची टिकली बरोबर आत्याच्या जागेवर लावली आणि अंगठ्यानं दाबली.

"लोक बोलले," विभागप्रमुख परतीच्या बसमध्ये म्हणाले.

"लोक बाजारात गेले होते, सर," मी म्हणाले.

"मॅडम, सगळे कधीच येत नसतात."

कॉलेजात आल्यावर पोरांनी त्या टिकल्यांवरून आराखडा केला. त्या हुशार पोरीनं शीट लावलं आणि सगळा वर्ग बघत राहिला, इतकं देखणं. एसटीच्या थांब्यापासून तलावाच्या पाळीपर्यंत बाजाराच्या मधून सरळ रुंद पायवाट. दोन्ही अंगांना ओट्यांच्या ओळी. पायवाटेच्या टोकाला पाळीवर बसायला पायऱ्या. आणि जमिनीवर बसणाऱ्या छोट्या विक्रेत्यांसाठी खालच्या कडेला मोकळी पट्टी. तिला तिनं "लवचीक कडा" असं नाव दिलं होतं आणि हिरव्या पेन्सिलीनं हळुवार रंगवलं होतं.

मी शीटजवळ गेले. पायवाट आत्याच्या जागेवरून जात होती. हिरवी पट्टी नाल्याच्या काठाला होती.

माझा आवाज चढला हे मला कबूल आहे. तो चढायलाच हवा होता. मी म्हणाले, माझ्या आजीनं ज्या नाल्यापासून उठून मध्यापर्यंत यायला जिवाचं रान केलं, तिथंच तुम्ही तिच्या लेकीला पुन्हा नेऊन बसवताय, आणि वर हिरवा रंग देताय. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मॅडम, पण टिकल्या तशाच होत्या," ती म्हणाली.

"टिकल्या कोणी लावल्या, ते तू डोळ्यांनी बघितलंस."

विभागप्रमुख मागं उभे होते. "आपण इथं साइट बघतो," ते शांतपणे म्हणाले, "नातेवाईक नाही." सगळ्या पोरांसमोर. मग पोरीकडे वळून म्हणाले, "सुंदर काम. पुढच्या पायरीला आपण हे प्रत्यक्ष जमिनीवर आखून बघू. फक्कीनं. पूर्ण आकारात. लोकांना त्यात चालू देऊ आणि काय होतं ते बघू."

फक्की म्हणजे चुन्याची पांढरी भुकटी. आमच्या विषयात ती फार लाडाची आहे. कागदावरचा आराखडा जमिनीवर खऱ्या मापात काढायचा, माणसांना त्यात वावरू द्यायचं, आणि नाही पटलं तर पायानं पुसून टाकायचं. आमच्यासाठी फक्की म्हणजे प्रश्न.

आमच्या गावात मात्र फक्की म्हणजे उत्तर असतं. मंडईच्या आधी कमिटी मैदानावर फक्की मारते, आणि चौकटीत ज्यानं पहिला दगड ठेवला त्याची ती जागा. घरकुलाची मोजणी झाली की फक्की पडते. रस्ता रुंद व्हायचा असला की फक्की पडते. आमच्याकडं फक्कीनंतर कोणी चर्चा करत नाही. चर्चा आधीच संपलेली असते, आणि ज्यांच्याशी व्हायची त्यांच्याशीच झालेली असते.

हे मी विभागप्रमुखांना त्यांच्या केबिनमध्ये उभं राहून सांगितलं. स्पष्ट शब्दांत सांगितलं. तुम्ही फक्की मारली तर गाव त्याला वाटप समजेल, दगड पडतील, आणि पडलेला दगड आमच्या गावात कोणी उचलत नाही. त्यांनी खुर्ची मागं झुकवली.

"छान. म्हणजे ते वाचू शकतात. हाच तर रिस्पॉन्स आपल्याला हवा आहे."

पालथ्या घड्यावर पाणी. मी केबिनचं दार आपटून बाहेर आले. ते आपटल्याचं समाधान मला अजूनही आहे.

गुरुवारी दुपारी पोरांनी फक्की मारली. दोऱ्या ताणल्या, डब्यांना भोकं पाडून चुना सोडत गेली. ऊन होतं, पोरं हसत होती, एकमेकांच्या केसांना चुना लावत होती. पायवाट पडली, ओट्यांच्या चौकटी पडल्या, नाल्याकाठची पट्टी पडली. मी कडेला उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, बाप्पा, हे नुसतं बघायसाठी आहे, कायमचं नाही. माणसं मान डोलवत होती आणि चौकटी मोजत होती. आत्या त्या दिवशी लांबच्या बाजाराला गेली होती.

चहा पिऊन आम्ही परत येईपर्यंत पहिला दगड पडला होता. ऊन उतरायच्या आत सगळ्या चौकटींत दगड होते. कुठं पाटा, कुठं विटा, कुठं चुलीचा दगड. चांगल्या चौकटी उपसरपंचाच्या भाच्यांनी, पुतण्यांनी आणि पक्क्या दुकानवाल्यांनी धरल्या होत्या. ज्यांनी जन्मात बाजारात मिरची विकली नव्हती, त्यांचेही दगड होते. आयत्या बिळावर नागोबा कसे बसतात ते पोरांनी त्या दिवशी प्रत्यक्ष साइटवर शिकून घेतलं.

"बघा," विभागप्रमुख कॅमेरा काढत म्हणाले, "किती ओनरशिप आहे!"

शुक्रवारी सकाळी आत्या टोपली घेऊन आली. तिच्या जागेवर रुंद पांढरी वाट होती आणि दोन्ही अंगांना दगड. तिनं टोपली खाली ठेवली. मग तिनं पोतं वाटेच्या मधोमध अंथरलं, नेहमीच्याच ठिकाणी, आणि वांगी मांडायला लागली.

उपसरपंच दुकानातून उठून आला. त्याच्या मागं पाच-सहा जण.

"बाई, अठी रस्ता आहे. खाली नाल्याकडं जागा देली आहे तुम्हाले."

"कोणं देली?"

"कॉलेजवाल्यायनं आखून देलं. मोठे साहेब आले हायेत नागपूरहून. आमी काही केलं नाई."

चोराच्या उलट्या बोंबा. मी गर्दीतून पुढं झाले आणि जोरात ओरडून सांगितलं की हे वाटप नाही, हा पोरांचा अभ्यास आहे, कोणाला कुठली जागा दिलेली नाही, ही बाई जिथं बसते तिथंच बसेल. उपसरपंच माझ्याकडं बघून हसला. त्याचं हसू तुपासारखं होतं.

"मॅडम, वाटप नाई तं मंग फक्की कायले मारली? पोरायच्या खेळासाठी चुना कोणी सांडते का?"

माणसं हसली. विभागप्रमुख माझ्या बाजूलाच उभे होते. मी त्यांना म्हटलं, सर, बोला, तुमच्या तोंडून सांगा. ते घसा साफ करून म्हणाले की हा गावाचा निर्णय आहे, कॉलेज फक्त पर्याय सुचवतं. एवढं बोलून त्यांनी हात झटकले, अक्षरशः झटकले, कारण त्यांच्या हाताला चुना लागला होता.

आत्या माझ्याकडं बघत होती. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू होती ना अठी काल?"

मी म्हणाले, "होती."

तिनं मान खाली घातली आणि सांबाराच्या जुड्या बांधायला घेतल्या. ती हुशार पोरगी माझ्या मागं उभी राहून रडत होती. मी तिला म्हणाले, रडू नको, काम कर.

बाजार उठल्यावर आम्ही फक्की पुसली. मी, ती पोरगी आणि गटातली आणखी काही पोरं. आत्याच्या घरून खराटे आणले, तलावातून बादल्या भरून आणल्या. चुना धुतला की आधी दूध होतं आणि मग चिखल. मैदान पांढऱ्या चिखलानं भरून गेलं. पाळीवर बसून माणसं आमची मजा बघत होती. कोणी तरी वरून ओरडलं, "पुसून काय होते वो मॅडम? गोटे तं जाग्यावर हायेत!"

दगड हलवायला मी एका पोराला सांगितलं. त्यानं हात लावल्याबरोबर चार माणसं पाळीवरून खाली उतरली. पोराला मी मागं खेचलं. विभागप्रमुख बसमध्ये बसून हॉर्न वाजवायला सांगत होते.

पुढं जे झालं ते होणारच होतं. ग्रामपंचायतीत ठराव झाला. तालुक्याच्या ऑफिसात मी हेलपाटे घातले. साहेबांनी आमच्याच पोरांच्या शीटची प्रत पुढं केली आणि म्हणाले, "तुमच्याच तज्ज्ञांचा नकाशा आहे मॅडम, आता तुमीच विरोध करून राहिल्या?" दगड होते तिथं सिमेंटचे ओटे झाले. पाळीवरच्या पायऱ्या मात्र झाल्या नाहीत. नाल्याकाठची हिरवी पट्टी काही न करताच झाली, कारण तिला काही करावंच लागत नव्हतं. फक्त माणसं तिकडं ढकलायची होती.

कॉलेजात ज्युरी झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फक्कीचे फोटो बघून माना डोलावल्या. एका परीक्षकानं त्या पोरीला विचारलं, "या प्रोजेक्टमधून काय शिकलीस?"

ती म्हणाली, "फक्की मारायची नाही."

सगळे हसले. परीक्षकांना तो विनय वाटला. मी उभी राहून म्हणाले की ही पोरगी विनोद करत नाहीये, आणि गावात काय झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. माझं संपल्यावर विभागप्रमुख म्हणाले, "विदर्भातली माणसं जरा भावनाप्रधान असतात," आणि पुढच्या गटाला बोलावलं. त्या प्रोजेक्टला बक्षीस मिळालं. पोरगी बक्षीस घ्यायला गेली नाही. ती आता कुठं आहे मला माहीत नाही, पण त्या वर्गातलं मला आदर वाटावा असं ते एकच माणूस.

आत्या बरेच शुक्रवार ओट्यांच्या मधल्या वाटेतच बसली. आजीसारखीच. पण आजीच्या वेळी लोकांनी तिच्याकडून फक्त घ्यायचं बंद केलं होतं. आता वाट होती, आणि वाटेवरून मोटरसायकल नेणं हा प्रत्येकाचा हक्क होता. उपसरपंचाचा पुतण्या मुद्दाम तिथूनच गाडी घालायचा, हॉर्न वाजवत, पोत्याला चाक लावून. एका शुक्रवारी टोपली चाकाखाली आली. वांग्यांचा लगदा झाला आणि आत्याच्या पायाला लागलं. बोलायला गेलेल्या माझ्या चुलतभावाला त्यांनी विचारलं, "रस्त्यात बसाले कोणं सांगतलं?"

त्यानंतर ती नाल्याकाठी बसायला लागली.

मला कळलं तशी मी गावी गेले. ती चुलीपाशी बसली होती, पायाला हळद लावलेली. मी म्हणाले, आत्या, आपण कोर्टात जाऊ, मी वकील बघते. ती चुलीत लाकूड सारत राहिली.

"मी पहिल्यापासून त्यायले सांगत होती," मी म्हणाले. मी घरी गेले की माझी भाषा आपोआप घरची होते. "फक्की नका मारू म्हणलं, जागा नका हलवू म्हणलं. भांडली मी."

"कोठी भांडली?"

"कॉलेजात. साहेबासंगं."

"कॉलेजात," आत्या म्हणाली. "अन् मले कदी सांगतलं? माह्या घरी जेवत होते सारे. माह्या ओसरीत कागद मांडत होते. मले कोणं इचारलं?"

"शुक्रवारी मी सगळ्यायसमोर बोलली."

"शुक्रवारी तं गोटे पडले होते."

मला राग आला. खूप राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. ज्यांनी तिची जागा खाल्ली त्यांच्याशी ती रामराम घालत होती, त्यांच्या दुकानातून मीठ आणत होती, आणि जिनं नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून तिच्यासाठी भांडण केलं तिला ती चुलीपाशी बसवून जाब विचारत होती. मी तिला हे तोंडावर बोलून दाखवलं. ती म्हणाली, "त्यायचं काय, थे त्यायचेच हायेत," आणि भात उतरवला. मी न जेवता निघाले. एसटी यायला वेळ होता, तरी थांब्यावर जाऊन बसले.

तरी मी जाते. शुक्रवारी सुट्टी मिळाली की जाते. विभागप्रमुख पुण्याला परत गेले, तिथं ते सहभागावर व्याख्यानं देतात असं ऐकते. उपसरपंच आता सरपंच आहे. मी ओट्यांच्या ओळीतून खाली नाल्याकडं उतरते. तिथं चिखल असतो, माशा असतात, सांडव्याचं पाणी सुटलं की पोती उचलून वर सरकावं लागतं. मी आत्याच्या बाजूला बसते, डाळीतले खडे वेचते, जुड्या बांधून देते. ती मला ऊठ म्हणत नाही. बोलतही नाही फारसं.

मागच्या खेपेला सिहोऱ्याकडची एक बाई आली होती, आमच्या गावात लेक दिलेली, बाजारात नवी. लाखोरी घेता घेता तिनं माझ्या नागपुरी साडीकडं बघितलं, माझ्या हातातल्या जुडीकडं बघितलं आणि आत्याला विचारलं, "हे कोण होय वं बाई? लेक का तुही?"

आत्यानं तराजू उचलला, काटा स्थिर होईपर्यंत वाट बघितली आणि डाळ तिच्या पिशवीत ओतली.

"नाई," ती म्हणाली. "कॉलेजवाली होय."